उद्यमचा कागद जोडला, तरी टेंडर का गेलं?

प्रश्न : साकीनाक्याला गाळ्यात आठ मशीनवर युनिफॉर्म शिवतो. केंद्र सरकारच्या एका कार्यालयाच्या टेंडरात उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद) जोडून ईएमडीची, म्हणजे टेंडरसोबत भरायच्या अनामत रकमेची, माफी मागितली. तांत्रिक छाननीतच बाद झालो. शेरा होता, 'निविदेतील वस्तूचे उत्पादक नाही'. शिवतो तर आम्हीच! प्रमाणपत्र एजंटाने अडीच हजार घेऊन काढून दिलं होतं.

उत्तर : आधी प्रमाणपत्राचं जोडपान काढा. त्यावर एनआयसी कोडचा, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणाऱ्या सरकारी क्रमांकांचा तक्ता असतो : दोन अंकी, चार अंकी, पाच अंकी कोड, मग 'मॅन्युफॅक्चरिंग', 'सर्व्हिसेस' किंवा 'ट्रेडिंग', आणि शेवटी नोंदीची तारीख. छाननी करणारा अधिकारी पहिल्या पानावरचं नाव पाहतो आणि थेट या तक्त्यावर येतो. कपडे शिवण्याचा कोड 14101 आहे. तुमच्या तक्त्यात 46 किंवा 47 ने सुरू होणारा कोड असेल, तर तुमची नोंद अनुक्रमे घाऊक किंवा किरकोळ व्यापारी म्हणून झाली आहे. गुमास्त्यावर (दुकान-आस्थापना नोंदणीवर) किंवा जीएसटीत 'ट्रेडर' लिहिलेलं असलं की एजंट तेच उचलून उद्यमवर चढवतात.

व्यापाऱ्यांना जुलै 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी. सरकारी खरेदीतल्या सवलती उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांनाच आहेत. मध्यम उद्योगालाही त्या नाहीत.

दुरुस्ती सोपी आहे. उद्यमच्या सरकारी पोर्टलवर 'अपडेट'मध्ये जा, नोंदणी क्रमांक टाका, मोबाइलवर आलेला ओटीपी द्या, 14101 जोडा आणि मुख्य व्यवसाय 'मॅन्युफॅक्चरिंग' करा. एजंटाने स्वतःचा मोबाइल नंबर दिला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाईल, म्हणून आधी तो नंबर बदलून घ्या. याला एक रुपयाही फी नाही, नवीन नोंदणीलाही नाही. कंटाळून दुसरी नोंदणी काढायला जाऊ नका, एका पॅनवर एकच उद्यम चालतं. जीएसटीतला व्यवसायाचा प्रकार आणि गुमास्ताही त्याच आठवड्यात जुळवून घ्या. मशीनची बिलं आणि गाळ्याचं लाइट बिल एका फाइलीत ठेवा, उत्पादक असल्याचा पुरावा मागितला की हेच लागतं. आणि तारखेकडे लक्ष द्या : टेंडर बंद झाल्यानंतर जोडलेला कोड त्या टेंडरला उपयोगी पडत नाही. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, विकत असाल तर तिथल्या प्रोफाइलला उद्यम जोडा आणि माल 'रीसेलर' म्हणून नव्हे, उत्पादक म्हणून चढवा.

प्रश्न : केंद्र सरकारची 25 टक्के खरेदी लहान उद्योगांकडून होते म्हणतात. मग आमचा भाव थोडा चढा असला तरी ऑर्डर मिळते का?

उत्तर : मिळते, पण चढ्या भावाने नाही. समजा 2,000 शर्टांचं टेंडर आहे आणि सर्वांत कमी भाव एका मोठ्या कंपनीचा, 400 रुपये. तुमचा भाव त्यावर 15 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 460 पर्यंत असेल, तर 'तुम्ही 400 ला देता का?' असं विचारलं जातं. हो म्हणालात तर 25 टक्के, म्हणजे 500 शर्ट तुम्हाला, 400 रुपयांनीच. असे तीन लहान उद्योग असतील तर ते 500 तिघांत वाटले जातात. मालाचे भाग पाडता येत नसतील तर पूर्ण ऑर्डरही मिळू शकते. सर्वांत कमी भाव मुळात लहान उद्योगाचाच असेल, तर इतरांसाठी ही सवलत नाही. म्हणून भाव भरतानाच कापड, शिलाई, पॅकिंग आणि डिलिव्हरी धरून तळाचा आकडा काढून ठेवा. ऐनवेळी हो म्हणून तोट्यात शिवणारे पुष्कळ आहेत.

दोन गोष्टी गृहीत धरू नका. ईएमडी आणि टेंडर फी माफ होते, पण ऑर्डर मिळाल्यावर, काम पूर्ण करण्याची हमी म्हणून ठेवायची परफॉर्मन्स सिक्युरिटी माफ होत नाही. ती बहुधा ऑर्डरच्या किमतीच्या 3 ते 5 टक्के असते आणि बँक गॅरंटीसाठी बँक तुमचे काही पैसे मार्जिन म्हणून अडकवून ठेवते, तेवढी रोकड आधीच बाजूला ठेवा. दुसरं, या सवलती देणारं 2012 चं खरेदी धोरण केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे. चर्चगेटची पश्चिम रेल्वे, माझगाव डॉक, एचपीसीएल यात येतात. महापालिका आणि राज्याच्या खात्यांना त्यांचे स्वतःचे नियम आहेत, तिथे प्रत्येक टेंडरचं ईएमडीचं कलम वाचल्याशिवाय माफी धरून चालू नका.

प्रश्न : उद्यम बायकोच्या नावावर आणि जीएसटी माझ्या नावावर आहे. सरकारी खरेदीतला महिलांचा 3 टक्के कोटा मिळेल का?

उत्तर : नाही. प्रोप्रायटरी फर्ममध्ये आधार, पॅन आणि जीएसटी एकाच व्यक्तीचे हवेत. व्यवसाय खरोखर पत्नीच चालवत असतील तर जीएसटी आणि बँक खातं त्यांच्या पॅनवर नव्याने घ्या. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये महिलांचा हिस्सा किमान 51 टक्के लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठीच्या 4 टक्क्यांतही हिश्शाचा नियम हाच आहे.

प्रश्न : वडाळ्याचं आमचं छोटं युनिट आहे. माल देऊन चार महिने झाले, पैसे नाहीत. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती समजते, पण कायदा तुमच्या बाजूने आहे. एमएसएमई कायदा 2006 प्रमाणे करारात काहीही लिहिलेलं असलं तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. डिलिव्हरीनंतर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं आणि ते दर महिन्याला चक्रवाढ होतं. बँक दर 6 टक्के धरला तर व्याजाचा मूळ वार्षिक दर 18 टक्के होतो, चक्रवाढीने थोडा जास्तच पडतो.

आधी व्याजाचा हिशेब जोडून लेखी पत्र पाठवा, बरीच बिलं तिथेच सुटतात. नाही सुटलं तर सुविधा परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज करा. पर्चेस ऑर्डर, बिल आणि शिक्का-सहीचं चलन लागेल. चलनावरची सही वाचता येत नसेल किंवा तारीख नसेल तर प्रकरण तिथेच लंगडं पडतं. डिलिव्हरी देणाऱ्या मुलाला आजच सांगून ठेवा : नाव, तारीख आणि शिक्का मिळाल्याशिवाय गेट सोडायचं नाही.