पैसे बापाचे, निकाल कुणाचा?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. धाकटा मुलगा अमेरिकेत एम. एस. करतोय. त्याच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवून कर्ज काढलंय. पहिल्या सेमिस्टरचे मार्क विचारले तर ‘बरे आहेत’ एवढंच म्हणतो. शेवटी विद्यापीठालाच ई-मेल केला. उत्तर आलं, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय काही सांगता येणार नाही. पैसे बापानं भरायचे आणि निकाल बापालाच नाही, हा कुठला न्याय? आपल्याकडे तरी असं चालतं का?
– एक वडील, सांगली

उत्तर : दादा, घर तारण ठेवलेल्या माणसाला असं कोरडं पत्र आलं की काय वाटतं ते मी समजू शकते. पण ते लिहिणाऱ्याचे हात कायद्यानं बांधलेले आहेत. अमेरिकेत १९७४ पासून ‘फर्पा’ नावाचा कायदा आहे. मूल शाळेत असेपर्यंत त्याचं रेकॉर्ड पाहण्याचा, चूक असेल तर दुरुस्ती मागण्याचा हक्क आई-वडिलांचा. मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की तो हक्क मुलाकडे जातो. फी कोण भरतं, हे त्यात पाहत नाहीत. तिथल्या आयकरात मूल पालकांवर अवलंबून दाखवलेलं असेल तर विद्यापीठ पालकांना माहिती देऊ शकतं, पण ती वाट तिकडे कर भरणाऱ्यांची. मुलाच्या जिवावर बेतलं तर संमतीवाचूनही घरी कळवता येतं, तेव्हा ती धास्ती मनातून काढा.

आपल्याकडचं विचारता? साताऱ्यात मी ३१ वर्षं शाळेत काढली, शेवटची ७ मुख्याध्यापिका म्हणून. जनरल रजिस्टर कपाटात कुलपात आणि बाकी सगळं भिंतीवर, अशी आमची पद्धत. एका वर्षी फीमाफीची यादी नोटीस बोर्डावर लागली : नाव, जात, वडिलांचं उत्पन्न. खाली सही माझी. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आठवीतल्या एका मुलीची ओळ कर्कटकाच्या टोकानं खरवडलेली. कागद फाटून मागचं लाकूड दिसत होतं. वरच्या-खालच्या ओळींना मात्र धक्का नव्हता. मी यादी लगेच काढली, पण तोवर सगळ्या शाळेनं ती वाचली होती. ती मुलगी वर्षभर माझ्यासमोर मान वर करून बोलली नाही.

आजही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांच्या आधार नंबरांची यादी येऊन पडते, तेव्हा मला तो बोर्ड आठवतो. आधार नंबर असा जाहीर करायला आधार कायद्यातच मनाई आहे. पालकांनी तिथल्या तिथे हरकत घ्यावी.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी संमती पालकांची (शाळांना शिक्षणाच्या कामापुरती थोडी सूट आहे), त्यानंतर ज्याची त्याची. म्हणजे मुलगा इथे शिकत असता तरी कायद्याचा कल हाच. फक्त विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डसाठी फर्पासारखा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचं. मुलाला संमतीपत्र भरायला सांगा. कोणतं रेकॉर्ड, कुणाला आणि कशासाठी दाखवायचं हे लिहून तारखेसह सही करावी लागते. फक्त मार्क दाखवा, बाकी काही नको, असंही तो ठरवू शकतो. पासवर्ड मात्र मागू नका. आणि तुम्ही परस्पर ई-मेल केलात हे त्याला ऑफिसातून कळण्याआधी तुम्हीच सांगा. एखादा विषय राहिला असेल आणि कर्जाच्या धास्तीनं तो बोलत नसेल, असंही होऊ शकतं. माझ्यासमोर अशी कितीतरी मुलं बसली आहेत. रविवारी सकाळी दुकानाची घाई नसताना फोन लावा, तिकडे शनिवारची रात्र असते.