माळ्यावर सापडलेला जगाचा नकाशा खरंच जुना आहे का, कसं ओळखायचं?

रावपुऱ्यातल्या घरच्या माळ्यावर अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक याच्या सफरींच्या रेषा असलेला नकाशा मिळाला म्हणता, तर आधी भिंग घ्या. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की विषय संपला, ती आधुनिक छपाई. मीही इथेच बडोद्यात एका फ्रेमवाल्याकडून असाच एक हौसेनं आणला होता. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला निघाला!

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाला कडेनं पत्र्याचा दाब बसून चौकोनी खळगा पडतो, बोट फिरवलं की कळतो. कडा कापलेल्या असतील तर मात्र तो गेलेला असतो.

कागद पटला, तर ऑस्ट्रेलियाकडे या. टास्मानिया मुख्य भूमीला चिकटलेला दिसला तर माहिती जुनी, कारण बास आणि फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दींनी त्याला वळसा घालून ते बेट असल्याचं दाखवलं ते १७९८-९९ मध्ये. वेगळं बेट, पण नाव 'व्हॅन डीमन्स लँड' असेल, तर बहुधा १८५६ च्या आधीचा. त्या वर्षी नाव अधिकृतपणे बदललं. उलट बाजूनं, कुकच्या तिन्ही सफरी असतील तर तो १७८० च्या मागे जात नाही. कुक हवाईत १७७९ मध्ये मारला गेला, जहाजं इंग्लंडला परतली १७८० मध्ये.

नकलेतही हाच भूगोल जसाच्या तसा उतरतो, म्हणून कागद आधी.

आणि लॅमिनेशन? चुकूनही नको.