घसरलेला टक्का पुन्हा चढतो का?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असल्यामुळे तिथल्या बातम्या रोज कानावर पडतात. राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता घसरली की आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो ‘आता हे गेले’, दुसरा म्हणतो ‘शेवटी सगळेच सावरतात’. पस्तिशीत गेलेला टक्का पुन्हा साठीला पोचतो का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पोचतो. पण पोचलेले मोजकेच आहेत, आणि त्यांतला एकही या शतकातला नाही.

आधी हा टक्का कशाचा, ते पाहू. गॅलप ही संस्था १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून साधारण एकच प्रश्न विचारत आली : राष्ट्राध्यक्ष ज्या रीतीने कारभार करत आहेत ती तुम्हाला पसंत आहे की नापसंत? माणूस आवडतो का किंवा मत देणार का, हे त्यात विचारलेले नसते. ‘कारभार पसंत नाही, पण मत यांनाच’ असे म्हणणारे लोक असतात, आणि उलटेही.

सावरण्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण रोनाल्ड रेगन यांचे. जानेवारी १९८३ मध्ये ते ३५ टक्क्यांवर होते. कारण उघड होते. महागाई मोडण्यासाठी व्याजदर चढे ठेवले होते आणि १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. पुढे व्याजदर उतरले, कारखाने चालू झाले, नोव्हेंबर १९८४ पर्यंत बेरोजगारी ७.२ टक्क्यांवर आली आणि रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. मे १९८६ मध्ये ते ६८ टक्क्यांवर होते. त्याच वर्षाअखेरीस इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याचे प्रकरण बाहेर आले आणि टक्का ६३ वरून थेट ४७ वर आला. तरी पद सोडताना तो पुन्हा ६३ होता.

बिल क्लिंटन जून १९९३ मध्ये ३७ वर होते. पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षाने संसदेची दोन्ही सभागृहे गमावली. डिसेंबर १९९८ मध्ये, प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला त्याच सुमारास, टक्का होता ७३! हॅरी ट्रूमन तर दोनदा बुडून वर आले. १९४६च्या शरदात तिशीच्या जरा वर, मार्च १९४७ मध्ये ६०. १९४८च्या वसंतात ३६, आणि नोव्हेंबरात निवडणूक जिंकली. तिसऱ्यांदा मात्र जमले नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये ते २२ वर होते.

या तिघांत सारखे काय? एक म्हणजे, दुखणे बरे होण्यासारखे होते. नोकरी गेल्याने रागावलेला माणूस नोकरी परत मिळाली की निवळतो. महागाईचे तसे नाही. जो बायडन यांच्या काळात जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के झाला आणि वर्षभरात ३ टक्क्यांवर आला, पण टक्का चढला नाही. दर उतरला म्हणजे भाव वाढायचे मंदावले. वाढलेले भाव मात्र तिथेच राहिले, आणि किराण्याच्या बिलात ते दर आठवड्याला दिसत राहिले. जुलै २०२४ मध्ये, निवडणुकीतून माघार घेण्याच्या सुमारास, ते ३६ वर होते.

दुसरे, हाताशी वेळ होता. रेगन तळाला गेले तेव्हा निवडणूक २२ महिने दूर होती. थोरले बुश १९९१च्या सुरुवातीला ८९ वर होते आणि १९९२च्या उन्हाळ्यात २९ वर, म्हणजे मतदानाला जेमतेम तीन महिने उरले असताना. अर्थव्यवस्था खरे तर तोवर वळू लागली होती; लोकांच्या खिशापर्यंत ते पोचायच्या आत मतदान झाले.

तिसरी गोष्ट आमच्या मते आज सर्वांत जड आहे : विरोधी पक्षाचे लोक. आयझेनहॉवर यांच्या काळात विरोधी पक्षाचे सरासरी निम्मे लोक त्यांचा कारभार पसंत करत. अलीकडच्या राष्ट्राध्यक्षांना तिथून दहा टक्केही मिळत नाहीत. हिशेब करून पाहा. १०० माणसे धरा : ३० स्वपक्षाची, ३० विरोधी पक्षाची, ४० कोणत्याच पक्षाची नसलेली. स्वपक्षातून ९० टक्के मिळाले तर २७ माणसे झाली. विरोधकांतून ५ टक्के, म्हणजे दीड. साठ गाठायला उरलेल्या ४० पैकी साडेएकतीस हवीत, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के. हेच विरोधकांतून निम्मे मिळत असते तर अठराच पुरली असती. शिवाय ‘कोणत्याच पक्षाचा नाही’ म्हणणारे बहुतेक जण मनातून इकडे किंवा तिकडे झुकलेलेच असतात. म्हणून आजच्या काळात ३७ वरून ४५-४६ पर्यंत येणे शक्य मानावे; साठीची पैज लावू नये. तुमच्या मंडळींत दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत.

प्रश्न : युद्ध किंवा हल्ला झाला की टक्का एकदम चढतो. याला सावरणे म्हणायचे का?
— राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : नाही. ही उसळी असते आणि ती बहुधा ओसरते. धाकटे बुश ११ सप्टेंबर २००१च्या आधी ५१ वर होते, दोन आठवड्यांत ९० वर गेले आणि २००८च्या शरदात २५ वर आले. तेहरानच्या दूतावासातले अमेरिकी ओलीस धरले गेल्यावर जिमी कार्टर तिशीतून जानेवारी १९८० मध्ये ५८ पर्यंत चढले. ओलीस सुटेनात तसा टक्का गळत गेला आणि नोव्हेंबरात ते हरले. गंमत म्हणजे उसळीला यशाचीही गरज नसते. १९६१ मध्ये क्यूबावरची स्वारी फसली, आणि त्यानंतर केनेडी ८३ वर होते!

जातानाची वाढही वेगळी धरावी. ३१ मार्च १९६८ला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले आणि ३६चे ४९ झाले. थोरले बुश हरल्यानंतर ५६ वर पोचून घरी गेले. स्पर्धेतून बाहेर पडलेल्यावर राग धरून काय करायचे? अभ्यासात वापरायला सोपी कसोटी हवी असेल तर मूळ कारण घडल्यावर सहा महिन्यांनीही वाढ टिकली आहे का, ते बघा.

प्रश्न : ‘दोन टक्क्यांनी घसरण’ अशी बातमी आली की ग्रुपवर धुमाकूळ. दोन टक्के म्हणजे किती गंभीर?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : बहुतेक वेळा शून्य. हजार माणसांच्या नमुन्यात आकडा ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. दोन चाचण्यांतला फरक काढताना दोन्हींची चूक मिसळते, म्हणून चारेक टक्क्यांच्या आतला फरक सोडून द्यावा. एका संस्थेच्या आकड्याची तुलना त्याच संस्थेच्या आधीच्या आकड्याशी करा. एक सर्व प्रौढांना विचारते, दुसरी फक्त नोंदणीकृत मतदारांना. आणि नापसंतीचा आकडाही पाहा. पसंती ४० आणि नापसंती ४५ असेल तर काठावरचे १५ उरतात. नापसंती ५८ असेल तर चढायला जागाच नाही.

प्रश्न : आपल्या राष्ट्रपतींचा असा टक्का का नसतो?
— एक वाचक, राजवाडा परिसर

उत्तर : राज्यघटनेच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे त्यांना निवडून आलेले खासदार-आमदार निवडतात आणि कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. दर महिन्याला लोकांनी पसंत-नापसंत करावा असा कारभार त्यांच्या हाती नसतो.

प्रश्न : आमच्या मंडळाचे ४०० सभासद आहेत. अध्यक्षांच्या कामाबद्दल अशी चाचणी घेता येईल का?
— मंडळाचे एक सभासद, लोकमान्यनगर

उत्तर : घ्या. ४०० जणांत ५ टक्क्यांच्या मर्यादेत उत्तर हवे तर सुमारे २०० जणांना विचारावे लागेल. सभासद नोंदवहीतले एकाआड एक नाव घ्या. पहिल्या नावापासून की दुसऱ्या, ते नाणे उडवून ठरवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान टाकू नका, तिथे रोज बोलणारेच बोलतील. नावाशिवाय चिठ्ठी आणि बंद पेटी ठेवा. घरी कोणी नसेल तर दोनदा जा, पण त्याऐवजी शेजाऱ्याला विचारू नका. २०० पैकी ६०च चिठ्ठ्या आल्या तर आकडा जाहीर करू नका, कारण भरणारे फार खूश तरी असतील किंवा फार चिडलेले. पुढच्या वेळी प्रश्नाचा एक शब्दही बदलू नका, आणि स्नेहभोजनाच्या दुसऱ्या दिवशी चाचणी अजिबात नको.