नववं गाणं

पोरी,

तुझी आठही अहिराणी गाणी दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा रात्री, शेजारच्या हळदीचा डीजे बंद झाल्यावर. तुझा मेसेज मात्र चारदा वाचला. "काका, सगळे म्हणतात एक फास्ट गाणं टाका, लग्नात चालेल असं. टाकू का?"

नको टाकू. पत्र इथंच संपलं असतं, पण तू पुन्हा विचारशील.

चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी तुझा श्वास जड होतो. कूलर बंद ठेवून गायलीस ना? भुसावळचा मे महिना आणि बंद खोली, कळतं ते. तो श्वास काढून टाक म्हणतील, काढू नकोस. हे आपलं जाता जाता.

तुझा ड्रमवाला म्हणतो, ३० सेकंद वाजलं तरच स्पॉटिफाय एक ऐकणं धरतं, आणि तुझ्या पहिल्या गाण्यात तेवढा वेळ नुसती गिटारच आहे. हिशेब बरोबर आहे त्याचा. पण ज्याला तेवढीही गिटार सोसत नाही, तो पुढचं काय ऐकणार होता?

आणि अहिराणी म्हटली की नाचायचंच, हे कुणी ठरवलं? तापात पडल्यावर आपण ज्या भाषेत आईला हाक मारतो, तिच्यात हळू गायचं नाही? आपल्या धरणगावात जन्मलेल्या बालकवींची 'औदुंबर' आठ ओळींची. माणूस १९१८ साली भादली स्टेशनात रेल्वेखाली गेला, वय २७. त्या कवितेला नववी ओळ हवी होती असं मला अजून कुणी म्हणालेलं नाही.

१९९४ साली आमची कॅसेट निघाली. तीही आठ गाण्यांची, तीही अशीच हळू. कॅसेटवाला म्हणाला, सुरुवातीला एक ढोलकीचं टाका, बाकीची त्याच्या जिवावर खपतील. दुपारी लिहिलं, संध्याकाळी वाजवलं. आणि चाललं की! चोपडा-यावल जीपमध्ये मागच्या बाकावर बसून मी ते ओळीनं नऊ वेळा ऐकलंय. संपलं की ड्रायव्हर टेप मागे घ्यायचा. "काय गानं शे भो!" हे मलाच सांगत होता. मधेच एकदा त्याचा हात उशिरा पोचला आणि दुसऱ्या गाण्याचे दोन सूर वाजले. मग खटकन बटण. ते दुसरं गाणं माझ्या मित्रानं आई गेल्यावर बांधलं होतं. तो माझ्या शेजारीच बसला होता. काही बोलला नाही. यावलला उतरल्यावर चहाचे पैसे त्यानंच दिले.

तू म्हणशील, पैसे तर मिळाले ना काका. मिळाले. तीन वर्षं लग्नांच्या ऑर्डरी मिळाल्या, बहिणीचं लग्न निघालं, घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब झाला. मी चुकलो असं मी म्हणत नाहीये. माझ्यावर घर होतं, तुला नोकरी आहे. आणि गाणं मी त्या पायी सोडलं नाही, आवाज बसला म्हणून सोडलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. असो.

नाचायचं गाणं वाईट असतं असंही नाही. कानबाईच्या विसर्जनाला मीच सगळ्यांत पुढे असतो. करायचं तर वेगळं कर, पुढच्या वर्षी कर, हवी तेवढी कर. या आठांच्या तोंडाशी बसवू नकोस. ते दारात उभं राहतं आणि कुणाला आत जाऊ देत नाही. नववं गाणं नको म्हणजे नको. आता पुन्हा विचारलंस तर रागावेन.

रविवारी ये. आमच्या कॅसेटची बी बाजू मी वीसएक वर्षांत ऐकलेली नाही. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल पडलाय, जळगावात कुठं मिळाला तर घेऊन ये. मापाला जुना पट्टा पाकिटात घातलाय, हरवू नकोस.

तुझा,
काका