आजोबांचा राग नातवात उतरलाय का?

"सासरे तापट, नवरा तापट, आता मुलगाही तसाच. रक्तातलं कसं बदलणार?" हा प्रश्न एका अकरा वर्षांच्या मुलाच्या आईचा. महिनाभरात त्याने धाकट्या बहिणीला दोनदा मारलं होतं, एकदा दाराची काच फोडली होती.

रक्तात काहीच नसतं असं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत, माणसामाणसांतल्या आक्रमकतेच्या फरकापैकी साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा दिसतो. पण न्यूझीलंडमधल्या डुनेडिनच्या मुलग्यांचा जन्मापासून २६ वर्षांपर्यंतचा मागोवा २००२ साली प्रसिद्ध झाला, तो या आईला मुद्दाम सांगितला. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं विघटन करणाऱ्या एन्झाइमचं जनुक ज्यांच्यात मंद होतं, त्यांच्यात हिंसकपणा वाढलेला दिसला तो लहानपणी छळ सोसलेल्यांत. एकट्या जनुकाने तसं घडलं नव्हतं.

मग दोन आठवड्यांची वही. भडका किती वाजता, आधीच्या अर्ध्या तासात काय झालं, रात्रीची झोप किती, शेवटचं खाणं कधी, आणि नंतर मोठ्यांनी काय केलं. हा शेवटचा रकाना पालक हमखास कोरा सोडतात. या आईने भरला.

नऊ भडक्यांपैकी सात संध्याकाळी सहा ते आठमधले, बहुतेक मोबाइल काढून घेताना, पोट रिकामं असताना. झोप जेमतेम सात तास. या वयाला नऊ ते बारा लागते. झोप अपुरी असली की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डाला, जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. तो भाग पुरता पिकायला तशीही पंचविशी उजाडते.

शेवटच्या रकान्यात पाच वेळा वडिलांची थप्पड होती. खाली आईने लिहिलं होतं, "हा बहिणीला आधी मनगट धरून ओढतो, मग मारतो. हेही तसंच करतात." मारल्यावर मूल थांबतं, म्हणून मार लागू पडला असं वाटतं. मूल मात्र एवढंच शिकतं, की ज्याचा जोर जास्त त्याने मारायचं.

ठरलं ते असं. शाळेतून आल्याबरोबर खाणं. मोबाइल घेण्याआधी दहा मिनिटं आणि दोन मिनिटं राहिली असताना सूचना. झोपायची वेळ दर तीन रात्रींनी पंधरा मिनिटं अलीकडे. भडका उडाला की आधी बहिणीला बाजूला न्यायचं, दोन हात अंतरावर उभं राहून एकच छोटं वाक्य बोलायचं. "का केलंस?" हा प्रश्न अर्ध्या तासानंतर.

दुसऱ्या आठवड्यात प्रकार वाढले. जुनी युक्ती चालेना की मूल आधी तीच जोरात करून बघतं. बहुतेक घरं इथेच माघार घेतात. डोक्याला मार लागल्यावर स्वभाव एकदम बदलला असेल, प्राण्यांना इजा किंवा हत्यार उगारणं असेल, तर मात्र वहीत वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञ गाठावा.

सहाव्या आठवड्यात शेवटच्या रकान्यात वडिलांच्या अक्षरात नोंद होती: "गॅलरीत गेलो. दहा मिनिटांनी येऊन बोललो."