वाचकांचे प्रश्न : बांधलेले नाव आणि त्याची जागा

प्रश्न : गावातील दूध संकलन केंद्रासाठी मी सी भाषेत नोंदींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला असून त्यात एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी वापरली आहे. सभासदाचे नाव बफरमध्ये (मेमरीतील तात्पुरत्या जागेत) वाचून ते स्टेटमेंटमधील, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेतील, प्रश्नचिन्हाच्या रिकाम्या जागेशी बांधण्याचे काम एक वेगळे फंक्शन करते, मग तारीख तयार करणारे फंक्शन चालते आणि शेवटी स्टेप होते, म्हणजे ती आज्ञा चालते. माझ्या लॅपटॉपवर सर्व बरोबर होते. केंद्रावरील संगणकावर मात्र काही नावांच्या जागी तारखेचे आकडे आणि विचित्र चिन्हे पडतात. लिटर आणि फॅटचे आकडे कधीच चुकत नाहीत. डेटाबेस खराब झाला असेल काय? — एक वाचिका, डिचोली

उत्तर : डेटाबेस निर्दोष असावा. आकडे चुकत नाहीत आणि नावे चुकतात, हे आपण आवर्जून कळवलेत आणि दोषाचा माग त्यातच आहे. पूर्णांक किंवा दशांश संख्या बांधली की तिचे मूल्यच एसक्यूलाइटकडे जाते, त्यामुळे मूळ चलाचे पुढे काय झाले याने काही बिघडत नाही. मजकूर बांधताना आपण केवळ त्याचा पत्ता देतो, आणि त्या पत्त्यावरील मजकुराची प्रत लगेच करायची की नाही, हे बाइंड टेक्स्ट या मजकूर बांधणाऱ्या फंक्शनला दिलेल्या पाचव्या म्हणजे शेवटच्या अर्ग्युमेंटवरून (मूल्यावरून) ठरते. आपण तिथे ‘स्टॅटिक’ लिहिले असणार. त्याचा अर्थ असा की, हा मजकूर जागचा हलणार नाही याची हमी आपण दिली आहे आणि एसक्यूलाइटने तिच्यावर विसंबून प्रत केलेली नाही.

प्रत्यक्षात आपला बफर फंक्शनच्या आत, स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच त्याच्याकडे असणाऱ्या मेमरीत आहे. फंक्शन संपताच ती जागा सुटते आणि नंतर चाललेले तारखेचे फंक्शन तिच्यावरच आपला मजकूर मांडते. स्टेपच्या वेळी एसक्यूलाइट तिथे नाव शोधायला जाते, तेव्हा त्याच्या हाती तारीख लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील पालाचा पत्ता देऊन शनिवारी तिथे माणूस पाठवावा, तसा हा प्रकार आहे. लॅपटॉपवर तीच जागा योगायोगाने शाबूत राहिली, कारण कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) आणि त्याचे पर्याय बदलले की स्टॅकची मांडणीही बदलते. चूक दोन्हीकडे सारखीच होती.

शेवटच्या अर्ग्युमेंटमध्ये ‘ट्रान्झियंट’ लिहिलेत, तर बाइंड टेक्स्ट परत येण्यापूर्वीच एसक्यूलाइट स्वतःची प्रत करून घेते आणि आपला बफर मोकळा होतो. प्रत करण्याचा खर्च वाचवावा म्हणून बरेच जण सरसकट ‘स्टॅटिक’ लिहितात. माझ्या मते सभासदाच्या नावाएवढ्या मजकुरासाठी ही काटकसर निरर्थक आहे. प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेल्या स्थिर शब्दांसाठी ‘स्टॅटिक’ खुशाल वापरावे.

जाता जाता, चौथ्या अर्ग्युमेंटमध्ये लांबी देत असाल तर ती अक्षरांची नसून बाइटांची असते. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे ‘नारायण’ हे चार अक्षरी नाव १८ बाइटांचे होते, आणि लांबी ४ दिली तर ‘न’ नंतरचा काना मध्येच तुटतो. मजकूर शून्य बाइटने संपत असेल तर तिथे -१ द्यावे, म्हणजे मोजणीचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : मी सभासदाचे छायाचित्र मॅलॉकने (मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनने) घेतलेल्या मेमरीत वाचतो आणि बाइंड ब्लॉबला, म्हणजे चित्रासारखा कच्चा डेटा बांधणाऱ्या फंक्शनला, देताना शेवटी ‘फ्री’ हे मेमरी मोकळी करणारे फंक्शन देतो. बाइंड अयशस्वी झाले तर ती मेमरी मीच मोकळी करतो. नेमका त्याच वेळी प्रोग्राम कोसळतो. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : ती मेमरी दोनदा मोकळी होत आहे. शेवटी ‘फ्री’ दिले की जागेची मालकी एसक्यूलाइटकडे जाते आणि बाइंड अयशस्वी ठरले तरीही ते फंक्शन बोलावले जाते. आपली त्रुटी हाताळणारी ‘फ्री’ची ओळ काढून टाकावी. मोठ्या छायाचित्राची प्रत टाळण्यासाठी आपण निवडलेली पद्धत योग्यच आहे.

बाइंड मुळात अयशस्वी का होते, तेही पाहावे. त्रुटीचा क्रमांक २१ असेल, तर बहुधा आधीच्या स्टेपनंतर रीसेट न करताच आपण पुढचे छायाचित्र बांधू पाहत आहात. मात्र रीसेटने स्टेटमेंट पुन्हा चालवण्याजोगे होते, बांधलेली मूल्ये पुसली जात नाहीत. त्यामुळे पुढच्या सभासदाचे छायाचित्र नसेल आणि आपण काहीच बांधले नाही, तर आधीच्या सभासदाचे छायाचित्र त्याच्या नावावर चढेल. तिथे रिकामे मूल्य बांधणारे बाइंड नल वापरावे, किंवा प्रत्येक फेरीत बांधलेली सर्व मूल्ये पुसणारे क्लिअर बाइंडिंग्ज चालवावे. याच कारणाने ‘स्टॅटिक’ म्हणून दिलेली जागाही रीसेटनंतर लगेच मोकळी करू नये. त्या जागी दुसरे मूल्य बांधले जाईपर्यंत किंवा स्टेटमेंट फायनलाइझ होईपर्यंत (कायमचे मोडीत निघेपर्यंत) ती जपावी लागते.