लेकीला पाणलोटात काम करायचंय

पत्र : औसा तालुक्यात आमची सात एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलगी बारावी सायन्सला, लातुरात राहून नीटचा क्लास करते. दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, ‘मला डॉक्टर नाही व्हायचं, पाणलोटाचं काम शिकायचंय.’ २०१६ ला ती माझ्याबरोबर टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असायची, आणि त्याच वर्षीच्या पावसात आमच्या ओढ्यावरचा मातीचा बांध वाहून गेला, तेव्हापासून तिच्या डोक्यात हे आहे. चर खणायला, बांध घालायला शिक्षण कशाला लागतं? नोकरी तरी आहे का यात?
— एक पालक

नमस्कार.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, आणि पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरलं. नुसती पावसाची सरासरी धरून पाणलोटाची, म्हणजे ओढ्याला पाणी मिळतं त्या सगळ्या रानाची, आखणी करायचे दिवस गेले ते असे. आता एकाच ओढ्याला दुष्काळही निभवायचा असतो आणि ढगफुटीसारखा पाऊसही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका हिशोबात देतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. पाचशे हेक्टरच्या पाणलोटावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला, तर पन्नास कोटी लिटर. त्यातलं मुरेल किती आणि ओढ्याला लागेल किती, हे उतार, मातीची खोली आणि माथ्यावरचं गवत ठरवतं. ओढ्याला लागलेलं पाणी सुखरूप पुढे जाईल एवढा बांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, रुंद हवा. मी पाहिलेले बरेच फुटके बांध सांडव्याच्या कडेनंच कुरतडले गेलेत. खणणारे हात गावात आहेतच, हा हिशोब करणारा माणूस सापडत नाही.

दुसरी बाजू दगडाची. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट. त्यात पाणी मुरतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, तेही थोडंच. खालचा दगड न बघता नाला खोल केला तर पाणी नुसतं साठून उन्हात उडतं. आणि बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरणं याला लोक जलसंधारण म्हणतात, ते मला पटत नाही. हिवरे बाजारात पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. असा ताळेबंद मांडणं आणि ग्रामसभेत तो पटवणं, दोन्ही या कामात येतं. दुसरं जास्त अवघड.

आता शिक्षण. आधी एक विचारा : तिनं बारावीला गणित घेतलंय का? नीटच्या नादात मुलं गणित सोडतात. गणित असेल तर एमएचटी-सीईटी देऊन कृषी अभियांत्रिकीत बी.टेक. करता येतं. परभणी, राहुरी, अकोला, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत ते आहे. मृद व जलसंधारण अभियांत्रिकी त्यातलाच विषय. पुढे गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा दिली तर आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयाचं एम.टेक. आहे. गणित नसेल तर बी.एस्सी. कृषी किंवा भूशास्त्र. भूशास्त्राची एम.एस्सी. नांदेडच्या विद्यापीठात होते, म्हणजे घराजवळ. मला स्वतःला ही वाट आवडते, कारण दगड वाचणारी माणसं कमी आहेत.

नोकरीचं गोड बोलत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा, जलसंधारण विभाग इथं पदं असतात, पण भरती कधी निघेल याचा नेम नाही, आणि कोणती पदवी चालते ते जाहिरातीत दरवेळी तपासावं लागतं. पाणलोट आणि भूजलावर काम करणाऱ्या ‘वॉटर’ (WOTR), ‘अ‍ॅक्वाडॅम’ अशा पुण्यातल्या संस्थांमध्ये काम शिकायला मिळतं, सुरुवातीचा पगार मात्र डॉक्टरकीशी तुलना करण्यासारखा नाही. बहुतेक कामं प्रकल्पाची, मुदतीची. पोरीला हे आत्ताच सांगा, नंतर नको.

नीट तिला देऊ द्या, अभ्यास वाया जात नाही. परीक्षा संपली की तुमच्या विहिरीचं एक काम तिच्याकडे सोपवा. दोरीला दगड बांधून दर पंधरा दिवसांनी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, तारीख घालून वहीत लिहायचं. पाऊस लागला की शेजारच्या दोन विहिरीही घ्यायच्या. वही दिवाळीपर्यंत टिकली, तर पुढचं पत्र तिला लिहू द्या.